राहुटी कुटुंबाची

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या सुट्टीच्या बेतांत ‘कॅम्पिंग’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. पुण्या-मुंबईच्या वेशीपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर जिथे म्हणून धरणाचे पाणी आहे, तिथे काठाने रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. शनिवारी दुपारी कुटुंबे मोटारीने पोहोचतात. तंबू आधीच उभा असतो, आत गादी घातलेली असते. संध्याकाळी निखाऱ्यांवर भाजलेले पनीर येते, मग ध्वनिवर्धकावर गाणी, मग शेकोटी. सकाळी पोहे, चहा, पाण्याच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे आणि अकराच्या आत जागा मोकळी करणे. या सर्व वेळात कुटुंबातील कोणालाही एकही काम करावे लागत नाही आणि त्यामुळेच एकमेकांशी फारसे बोलावेही लागत नाही. आई-वडील एका खुर्चीवर, मुले दुसऱ्या खुर्चीवर आणि प्रत्येकाच्या हाती आपापला भ्रमणध्वनी. हॉटेलच्या भिंती विटांच्या होत्या, त्या कापडाच्या झाल्या, एवढाच काय तो फरक.

पवना धरणाचे उदाहरण घ्यावे. या जलाशयाच्या आसपास लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले उभे आहेत. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाबरोबर पुरंदरचा तह झाला आणि छत्रपती शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. १६७० पासून महाराजांनी गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ केला. म्हणजे स्वराज्याच्या सर्वांत कठीण काळाचे आणि त्यातून पुन्हा उभे राहण्याचे साक्षीदार तंबूच्या दारातून दिसतात. पण किती मुलांना त्यांची नावे ठाऊक असतात? दोष मुलांचा नाही. ज्यांनी नावे सांगायची, ते शेकोटीभोवतीच्या गाण्यांची यादी ठरवण्यात गुंतलेले असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हा व्यवसाय करणाऱ्या स्थानिक तरुणांविषयी माझी तक्रार नाही. त्यांतील अनेकांच्या आज्या-पणज्यांची भातखाचरे धरणाच्या पाण्याखाली गेली. पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला, हे मावळ अजून विसरलेले नाही. उरलेल्या काठावर कोणी चार तंबू लावून पोट भरत असेल तर त्याच्याकडे जावे, त्याला जागेचे भाडे द्यावे, दूध-भाजी-तांदूळ त्याच्याकडून घ्यावेत. आपला प्रश्न आहे तो आपल्या घरातल्या माणसांचा. निसर्गात जाऊनही आपण ‘गिऱ्हाईक’च का राहतो?

छंद म्हणून तंबूत राहण्याची आधुनिक प्रथा इंग्लंडातील. टॉमस होल्डिंग नावाच्या एका शिंप्याने तिचा प्रसार केला आणि १९०८ साली त्या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. तंबू वजनाला हलका असावा, तो आपला आपण शिवावा, आपला आपण वाहून न्यावा, यावर त्याचा कटाक्ष होता. आपल्याकडे मात्र उघड्या माळावर मुक्काम करणे ही हौस कधीच नव्हती, ती रीत होती. आषाढीची वारी आठवा. दिंडीचे सामान पुढे जाते, मुक्कामाच्या गावी राहुट्या उभ्या राहतात, मागून चालत आलेले वारकरी पोहोचतात, कोणी पाणी आणतो, कोणी भाकऱ्या थापतो, समाजआरती होते आणि पहाटे तो सारा संसार पुन्हा गाडीवर चढतो. इतक्या माणसांचा इतका शिस्तबद्ध तंबूनिवास जगात फार ठिकाणी पाहायला मिळणार नाही. आणि त्यात म्हातारी आजी असते, सून असते, कडेवरचे मूलही असते.

दुसरी परंपरा आपल्या वाचकांच्या अधिक परिचयाची, शिबिराची. १९८३ सालच्या तळजाईच्या शिबिराचे नाव काढले की आजही साठी-सत्तरी ओलांडलेल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांत चमक येते. मेख कशी तिरपी ठोकावी, तणावा किती ताणावा, तंबूभोवती चर कोणत्या बाजूस उतरता काढावा, हे ज्ञान शिबिरांनी महाराष्ट्रातल्या हजारो साध्या घरांतल्या मुलांना दिले. कारकुनाचा मुलगा आणि कारखानदाराचा मुलगा एकाच सतरंजीवर झोपले. पंगतीत वाढणे, आपले ताट आपण घासणे, दिवे मालवल्यावर गप्प राहणे या गोष्टी कोणत्याही बौद्धिकाहून खोल रुजल्या.

पण या गौरवशाली परंपरेची दुसरी बाजूही कधीतरी बोलली पाहिजे. शिबिरासाठी घराघरांतून पोळ्यांची शिदोरी गोळा होते. आपल्या घरांतील कित्येक माता-भगिनींना शिबिर ठाऊक आहे ते तेवढेच, लाटलेल्या पोळ्यांच्या संख्येपुरते. १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. समितीची शिबिरे होतात आणि ती उत्तम होतात, हे मान्य. तरी बाप एका शिबिरात, मुलगी दुसऱ्या शिबिरात आणि आई घरी, अशीच विभागणी राहिली. आणि शिबिरात स्वतःचे ताट लख्ख घासणारा स्वयंसेवक घरी परतल्यावर जेवून उठतो तेव्हा ताट जागेवरच असते, हे कटू असले तरी खरे आहे. शताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधनाचा विषय अग्रभागी आहे. त्यावर सभागृहांतून व्याख्याने होतात, श्रोते प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून माना डोलावतात. माझे म्हणणे एवढेच की, त्यांतील एखादे व्याख्यान कमी करावे आणि त्या शनिवारी चार कुटुंबांनी चार तंबू घेऊन बाहेर पडावे.

बाहेर पडायचे तर काय करायचे? हा प्रश्न मला अनेक तरुण आई-बाप विचारतात आणि त्यांच्या स्वरात खरीखुरी धास्ती असते. मुले कंटाळतील, ही ती धास्ती. तिचे उत्तर असे की, मुले कामाला कंटाळत नाहीत. त्यांना कंटाळा येतो तो आयते बसवून ठेवल्याचा. तंबू उभारणे हाच पहिला खेळ. जागा कोणती निवडायची येथपासून वाद घालू द्यावा. उतार कुठे आहे, वारा कुठून येतो, डोक्यावर वाळकी फांदी तर नाही ना, मुंग्यांचे वारूळ, ओढ्याचे पात्र, गुरांची वाट. सात-आठ वर्षांचे मूल मेखा मोजून ठेवण्याचे काम प्रामाणिकपणे करते. तंबू एकदा पडावा. दुसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा तो त्यांचा असतो.

दुसरा खेळ दिवसभराचा आहे आणि त्याला खर्च शून्य. सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी रोवावी. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखावे. हिवाळ्यात त्याची त्रिज्या काठीच्या जमिनीवरील उंचीच्या दीडपट घ्यावी. सकाळी काठीची लांब सावली आखडत आखडत दहाच्या सुमारास वर्तुळाला शिवते, तेथे खूण करावी. दुपारी तीननंतर ती वाढत वाढत दुसऱ्या बाजूस पुन्हा शिवते, तेथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. ही रीत कात्यायन शुल्बसूत्रात दिलेली आहे. यज्ञवेदीच्या दिशा अशाच निश्चित केल्या जात. आपल्या प्राचीन विज्ञानाविषयी छाती फुगवून बोलणारे आपण पुष्कळ आहोत. त्यांपैकी किती जणांनी हा शंकू स्वतः रोवून पाहिला आहे, हे विचारण्याचा मोह मी आवरतो. मुलांना मात्र त्यात आणखी एक नवल सापडेल. सावली सर्वांत आखूड होते ती घड्याळातल्या बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास. असे का, याचा शोध त्यांनाच घेऊ द्यावा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावर धरलेली आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, एवढा धागा पुरे.

रात्री ती रेषा पडताळून पाहता येते. हिवाळ्यात संध्याकाळी उत्तरेस शर्मिष्ठेचे पाच तारे दिसतात, त्यांच्या आधाराने ध्रुव सापडतो. सप्तर्षी उशिरा, मध्यरात्रीच्या सुमारास उगवतात. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या जागेचा अक्षांश. हात पूर्ण लांब करून मूठ मिटली की ती आकाशातले साधारण दहा अंश झाकते. मावळात ध्रुव दोन मुठींहून किंचित खाली आहे, कारण तेथील अक्षांश साडेअठराच्या आसपास. मग मुलांना सांगावे की कन्याकुमारीला हाच तारा एका मुठीपेक्षाही खाली, क्षितिजाला टेकल्यासारखा दिसेल आणि श्रीनगरला साडेतीन मुठींजवळ पोहोचेल. आसेतुहिमाचल हा शब्द आपण भाषणांतून हजार वेळा उच्चारतो. येथे तो दहा वर्षांच्या मुलाच्या मुठीत येतो.

पूर्वेला मृग नक्षत्र चढते. त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या रेषेत पुढे झळकणारा व्याध ओळखायला कोणतेही साधन लागत नाही. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो म्हणून तो मार्गशीर्ष आणि कार्तिकातला कृत्तिकांजवळ असतो म्हणून तो कार्तिक, हे आमच्या पिढीला आजीने अंगणात सांगितले. आजच्या मुलांना अंगण नाही. लोकमान्य टिळकांनी याच मृगशीर्षाच्या आधारे वेदांच्या प्राचीनत्वाची मांडणी करणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला, तो १८९३ साली प्रसिद्ध झाला. मुलांना ग्रंथातला युक्तिवाद कळणार नाही, पण ज्या नक्षत्रावर एक माणूस ग्रंथ लिहितो ते नक्षत्र ती नीट पाहतील. तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार निवडावा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री चंद्र नसेल तर मिथुन राशीतल्या उल्का मोजण्याची पैज लावावी. या पैजेत आजोबाही जागे राहतात.

खेळांची यादी येथे देत नाही. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, लंगडी, डोंगर-का-पाणी हे ज्याने एकदा खेळले तो विसरत नाही. जवळ जुना वड असेल तर सूरपारंब्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. त्यामुळे मुलांना खो-खो आता ‘जुना’ वाटत नाही, ही आनंदाची गोष्ट. अट एकच ठेवावी. वडिलांनी पंच व्हायचे नाही, त्यांनी धावायचे.

आणि स्वयंपाक. याबाबत मी आग्रही आहे. तंबूतही आईच रांधणार असेल तर ती तिची सुट्टी नाही, अधिक गैरसोयीच्या जागी केलेली चाकरी आहे. पहिल्या दिवसाचा स्वयंपाक पुरुषांनी आणि मुलांनी करावा. पिठले, भात, भाजलेली वांगी यांपलीकडे जाण्याची गरज नाही. जंगलाच्या हद्दीत चूल पेटवू नये. फाल्गुन-चैत्रात एका ठिणगीने डोंगरचे डोंगर जळतात, म्हणून लहान गॅसची शेगडी न्यावी. जाळाची हौस असेल तर ऋतू पाहून योग्य जागी जावे. डिसेंबर-जानेवारीत देशावरच्या एखाद्या शेतात आगटी पेटवून ज्वारीचा हुरडा भाजता येतो. गरम कणसे हातांवर चोळताना शहरी तळवे लाल होतात, ते होऊ द्यावेत. त्याच सुमारास रायगड जिल्ह्यात, अलिबाग-रोह्याकडे, पोपटी लावतात. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, मीठ-ओवा घालायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. मडके फोडण्याऐवजी हलकेच उलटे करून शेंगा बाहेर काढताना जो सुगंध सुटतो, त्याची नक्कल कोणत्याही तारांकित उपाहारगृहाला साधलेली नाही.

आता गडांविषयी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. लोहगड त्यांत आहे. अभिमान योग्यच आहे. पण जबाबदारीही वाढली आहे. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, म्हणून तंबू गडावर लावण्याचा हट्ट धरू नये. पायथ्याच्या गावात मुक्काम करावा आणि पहाटे गड चढावा. तिकोना लहान मुलांसह तासाभरात चढता येतो. वाटेत चपेटदान मारुती भेटतो, वर महादेव आहे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मुलांना टाकी मोजायला सांगावीत. ही टाकी खोदताना निघालेला दगड तटाबुरुजांना कामी येई आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठे. एका श्रमात दोन कामे. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या गृहसंकुलांतल्या मुलांना हा हिशेब चटकन कळतो. गो. नी. दांडेकरांनी ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली ती असे गड वर्षानुवर्षे पायी तुडवून.

गडावर दारूच्या बाटल्या टाकणाऱ्यांचा निषेध आपण नेहमीच करतो. पण भगवे ध्वज घेऊन, जयजयकार करत चढणाऱ्या तुकड्यांच्या मागेही वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या दिसतात, त्या कोणाच्या? जयघोषाने बाटली उचलली जात नाही. ध्वनिवर्धकाचेही तसेच. गाणे चित्रपटाचे आहे की देशभक्तीचे, हे झाडावरच्या पाखराला कळत नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावणे कायद्याने निषिद्ध आहे आणि ते आपल्या गाण्यांनाही लागू आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे लखलखतात. तो प्रकाश म्हणजे जोडीदारासाठी घातलेली साद असते आणि मोटारींचे दिवे व विजेऱ्या यांमुळे ती साद पोहोचतच नाही. तेथे जावे तर गावाबाहेर गाडी सोडून, अंधारात, हळू आवाजात चालावे. नाहीतर जाऊ नये.

धोक्यांविषयी हयगय नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. सहलीला आलेले ते साधे कुटुंब होते. वरच्या डोंगरात पाऊस पडला की ओढ्याचे पाणी पाहता पाहता वाढते. पावसाळ्यात प्रवाहात उतरू नये आणि ओढ्याकाठी तंबू लावू नये. जलाशयात वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आणि बुडालेली झाडे असतात, म्हणून तेथे पोहणे नको. कड्यांवर आग्यामोहोळ असते, तेव्हा धूर, फटाके आणि उग्र अत्तर टाळावे. पायथ्याच्या गावातला माणूस ‘आज वर जाऊ नका’ म्हणाला तर जाऊ नये, त्याला कारण विचारत बसू नये.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण नेहमी न बोलता टाळली जाते, ती स्वच्छतागृहाची. अनेक घरांतील आई ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणते, त्यामागे हेच कारण असते आणि घरातल्या पुरुषांना ते वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न तो विचारावा. गावातील शाळेचे मैदान, देवस्थानची धर्मशाळा, एखाद्या शेतकऱ्याचे घर जवळ असेल अशी जागा परवानगीने घ्यावी. आडरानाची हौस नंतर कधीतरी. एकट्याने धीर होत नसेल तर युथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्था कुटुंबांसाठी तंबूनिवास आयोजित करतात, तेथे सुरुवात करता येते. प्रभातशाखेतल्या चार-पाच कुटुंबांनी एकत्र निघणे त्याहून सोपे. तंबू विकत घेण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईत ते भाड्याने मिळतात.

निघण्यापूर्वी आदल्या रविवारी तो एकदा इमारतीच्या गच्चीवर उभारून पाहावा. गच्चीवर मेख ठोकता येत नाही, तेव्हा तणावे बांधायला चार-सहा विटा वर न्याव्या लागतील. त्या मुलांना आणू द्याव्यात.